लसूण सोलत ऐकणाऱ्या कुंदाताई

आजवर घरातही बोललो नाही ती गोष्ट आधी सांगून टाकतो. ज्या कामाचा मी पगार घेत होतो, तेच काम मी वर्षभर गुपचूप बिघडवत होतो. बडोद्यातल्या एका इस्पितळात, डॉक्टरांच्या संशोधनात भाग घ्याल का, असं पेशंटना विचारायचं माझं काम. विचारायचो म्हणायचं, खरं तर मी त्यांना परत पाठवत होतो. अगदी नम्रपणे, हसून, पाणी हवं का विचारून. आमच्या डॉक्टरसाहेबांना याचा पत्ता नाही, माझ्या बायकोला नाही, सासऱ्यांना तर नाहीच. पत्ता लागला तो कुंदाताईंना, आणि लागला तेव्हा त्या कानाला हेडफोन लावून लसूण सोलत होत्या.

लसूण सोलणं ही कुंदाताईंची काम करायची रीत होती.

कुंदाताई शितोळे म्हणजे समाजशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. उंच, सडसडीत, सुती साडी आणि दोन खांद्यांवर दोन पिशव्या. एकीत रेकॉर्डर, हेडफोन, कागद. दुसरीत सकाळी खंडेराव मार्केटातून आणलेली भाजी. खोलीत आल्या की मांडीवर सूप घ्यायच्या, हेडफोन चढवायच्या, डोळे मिटायच्या आणि भाजी निवडायला लागायच्या. कानात पेशंटची संभाषणं आणि हातात वालपापडी. मी पहिल्या दिवशी बघतच राहिलो, तेव्हा डोळे न उघडता म्हणाल्या, "हात रिकामे असले की कान भटकतात, विनायकराव. तुमचे नाही भटकत?"

माझे कुठे कुठे भटकतात ते मी सांगितलं नाही.

कुठल्या संभाषणाला कुठली भाजी, हेही ठरलेलं. सरळ बोलणारा पेशंट असला की मटार. अडखळत बोलणारा असला की तुवेर, म्हणजे तुरीच्या शेंगा. नवरा-बायको दोघं एकदम बोलत असतील तर पापडी, कारण तिचे दोर दोन्ही बाजूंनी काढावे लागतात. आणि ज्या संभाषणात माणसं गप्प बसतात, त्याला लसूण. "गप्प माणसाला घाई चालत नाही. लसणालाही नाही." आमची खोली म्हणजे ओपीडीच्या मागचं जुनं कोठार, खिडकी एकच आणि तीही अर्धी. आठवड्याभरात तिथल्या फायलींनाही लसणाचा वास यायला लागला. अहमदाबादहून आमचं काम तपासायला येणारा एक टापटीप तरुण दारातच थबकला आणि म्हणाला, "सर, कॅन्टीन इकडे हलवलं का?"

निवडलेली भाजी संध्याकाळी वाटली जायची. सिस्टरना पापडी, केसपेपरवाल्या बेनना मटार, मला तुवेर. पहिले काही दिवस माझ्या बायकोने, मेधाने, ती मुकाट्याने घेतली. मग एक दिवस म्हणाली, "खरं सांगा, तुमचा पगार आता तुवेरीत द्यायला लागलेत का?" कुंदाताई स्वतः मात्र सयाजीगंजातल्या एका खानावळीचा डबा खायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "निवडायला मला आवडतं. शिजवायला नाही." विषय संपला.

आता त्या आमच्याकडे आल्या कशा, ते सांगतो.

आमचं संशोधन डायबिटीसच्या पेशंटचं. तळपायाला जखम झाली की ती भरण्यासाठी पायावरचा भार काढावा लागतो. त्याला दोन प्रकारचे बूट आहेत. एक प्लास्टरचा, डॉक्टर काढतील तेव्हाच निघणारा. दुसरा पट्ट्यांचा, आपला आपण काढता-घालता येणारा. आपल्याकडे माणूस देवघरात, स्वयंपाकघरात, शेजाऱ्याच्या दारात पायातलं काढूनच आत जातो. अशा ठिकाणी यातला कुठला जास्त कामाचा, हे नक्की कुणालाच माहीत नाही. ते कळावं म्हणून हा अभ्यास. कुणाला कुठला बूट हे कॉम्प्युटर ठरवणार, म्हणजे डॉक्टरांची आवड-निवड मध्ये येणार नाही.

सगळं चांगलं होतं. फक्त पेशंट येत नव्हते.

दर महिन्याला मीटिंग व्हायची आणि दर महिन्याला नवं कारण मिळायचं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "नवरात्र आहे. बडोद्यात गरब्याच्या दिवसांत पाय कोण अडकवून घेईल?" नवरात्र संपली. मग दिवाळी आली, ती गेली. मग लग्नसराई, मग उन्हाळा, मग पावसाळा. सिस्टर म्हणाल्या, लोकांना कॉम्प्युटर आवडत नाही. मी म्हणायचो, "लोकांना समजत नाही, सर." हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा मीच बोललो आहे. शेवटी या अभ्यासाला पैसे देणाऱ्यांनी कळवलं, की उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, माणसं आली नाहीत तर बंद करा. साहेबांची झोप उडाली. कुणीतरी सुचवलं की नाही म्हणणाऱ्या लोकांशी जाऊन बोलेल असं माणूस शोधा. अशा रीतीने आजाऱ्यांवर संशोधन करणाऱ्यांवर संशोधन करायला कुंदाताई आल्या.

आल्या त्या दिवशीच त्यांनी एक शब्द खोलीतून हद्दपार केला. 'का' म्हणायचं नाही. "का विचारलं की माणूस वकील होतो. कारणं तयार करून देतो." त्या स्वतः काय विचारायच्या, तर "म्हणजे कसं?" एवढंच, आणि मग थांबायच्या. हे थांबणं भयंकर असायचं. समोरचा माणूस ती पोकळी भरायला काहीही सांगून बसायचा.

साहेबांवरही हा प्रयोग झाला. साहेब ऐटीत म्हणाले, "बेन, आपल्या लोकांचा डॉक्टरवर विश्वासच नाही."

"म्हणजे कसं?"

साहेबांनी बराच वेळ उदाहरणं दिली. कुंदाताई थांबूनच. अखेर साहेब कबूल करून मोकळे झाले, की त्यांना स्वतःला ब्लडप्रेशरची गोळी ज्या मित्राने लिहून दिली, त्याच्यावर त्यांचा विश्वास नव्हता आणि गोळ्या अजून ड्रॉवरमध्येच पडून आहेत. सिस्टर चहा घेऊन आल्या होत्या, त्या ट्रेसकट मागे फिरल्या.

रिक्षावालेही त्यातून सुटले नाहीत. सयाजीगंजात त्यांच्याबरोबर मी एकदा रिक्षा ठरवत होतो. रिक्षावाला म्हणाला, हरणीला नाही येणार. मी दुसरी बघायला वळलो, तोवर कुंदाताईंचं 'म्हणजे कसं' गुजरातीत सुरू, "एटले केवी रीते, भाई?" त्याने आधी ट्रॅफिकचं सांगितलं, मग सीएनजीच्या रांगेचं, मग हरणीला त्याचे व्याही राहतात आणि मुलीच्या सासरी त्याचं भांडण झालंय, तिकडून जायला लाज वाटते, हे सांगितलं. शेवटी तो आम्हाला हरणीला घेऊन निघाला आणि वाटेत व्याह्यांच्या घरापाशी रिक्षा थांबवून आत गेला. आम्ही बाहेर बसून राहिलो. "बघा," कुंदाताई खूश होऊन म्हणाल्या, "नाही म्हणालाच नव्हता तो."

तेव्हा मी हसलो होतो. त्या वाक्याचा रोख कुठे वळणार आहे ते मला ठाऊक नव्हतं.

त्यांनी दोन कामं एकदम सुरू केली होती. एक, जे पेशंट 'नाही' म्हणून गेले त्यांच्या घरी जाऊन बसणं. दुसरं, मी आणि साहेब पेशंटशी बोलतो ते, पेशंटची परवानगी घेऊन, रेकॉर्ड करणं. मला वाटलं होतं, त्या पेशंट काय बोलतात ते ऐकणार. रेकॉर्डरमध्ये दोघांचेही आवाज येतात ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. माणूस स्वतःला किती सहज वगळतो.

एका दुपारी त्या रमणभाईंच्या घरून परतल्या. रमणभाई म्हणजे पतंगांचे होलसेलवाले. माझ्या कागदावर त्यांच्या नावापुढे 'नकार' लिहिलेलं होतं. कुंदाताईंनी पिशव्या ठेवल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "रमणभाई काय म्हणाले सांगू? म्हणाले, 'में ना क्यां पाडी, बेन? भाई उभा थई गया, एटले हुं पण उभो थई गयो.'"

म्हणजे रमणभाई नाही म्हणालेच नव्हते. भाई उभे राहिले, म्हणून तेही उभे राहिले. भाई म्हणजे मी.

"असं झालं असेल एखाद वेळी," मी म्हटलं.

कुंदाताईंनी हेडफोन माझ्याकडे दिले. त्यांच्या सुपात लसूण होता. मी कानाला लावले. माझा आवाज आला. माझा आवाज इतका गोड आहे हे मला माहीत नव्हतं, तेलातून काढल्यासारखा. मी बूट समजावतोय, कॉम्प्युटर समजावतोय. मग पेशंटने काहीतरी विचारायला श्वास घेतला, तोही ऐकू आला. आणि लगेच खर्रर्र करून खुर्ची सरकली. मग माझाच आवाज, थोडा उंचावरून: "घरी विचारून या हं. काही घाई नाही."

दुसरं संभाषण. खर्रर्र. "घरी विचारून या."

तिसऱ्यात एक म्हातारी बाई म्हणत होती, "पण भाई, मला एक सांग—" खर्रर्र.

घरी विचारून या, हे म्हणणं चुकीचं नाही; तसं सांगायचंच असतं. पण आपल्याकडे यजमान उठून उभा राहिला की पाहुण्याला कळतं, आता निघायचं. मी त्या माणसांना अर्ध्या प्रश्नावर दार दाखवत होतो. आणि मागे कागदावर लिहीत होतो, नकार.

"खुर्चीचा पाय हलतो," मी म्हणालो.

"म्हणजे कसं?" कुंदाताई म्हणाल्या आणि थांबल्या.

त्यांची पोकळी न भरणारा मी पहिलाच माणूस असेन. त्यांनी आणखी एक पाकळी सोलली, मग हेडफोन परत घेतले आणि म्हणाल्या, "उद्यापासून सराव करू. मी पेशंट. तुम्ही समजवायचं."

दुसऱ्या दिवशी कुंदाताई कुंदाताई नव्हत्या, शांताबेन होत्या. शांताबेन वय झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, थोड्या ऐकायला कमी येणाऱ्या आणि भलत्याच खोडसाळ. "हां भाई, बोल. पण जोरथी बोल. अने चा मंगाव." मी समजवायला लागलो. "बेन, बूट दोन प्रकारचे आहेत..."

"एमां सारो कयो?" शांताबेननी विचारलं. त्यातला चांगला कुठला?

मी उभा राहिलो.

"बसा," कुंदाताई स्वतःच्या आवाजात म्हणाल्या. "पेशंट अजून बसलाय."

पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तो प्रश्न आला आणि पुन्हा माझे गुडघे आपोआप सरळ झाले. तिसऱ्या वेळी कुंदाताईंनी काय करावं? लसणाने भरलेलं सूप उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "आता उठून दाखवा. सोला आणि बोला."

मी सोलत सोलत बोललो. जरा बरं चाललं होतं. शांताबेननी दोनदा चहा मागितला, एकदा माझा पगार विचारला. मग पुढे वाकल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "भाई, तारा घरना होत, तो शुं करत?" तुझ्या घरचं माणूस असतं तर काय केलं असतंस?

मी ताडकन उठलो. सूप पालथं झालं. लसूण कपाटाखाली, फायलींत, दाराबाहेर, सगळीकडे.

आम्ही दोघंही खाली बसून लसूण वेचायला लागलो. जमिनीवर रांगणाऱ्या माणसाला समोरच्याकडे बघावं लागत नाही, हे एक बरं असतं. मी कपाटाखाली हात घालून, कपाटालाच सांगतोय असं बोलायला लागलो.

माझे सासरे नाना आमच्याच घरी राहतात. काही वर्षांपूर्वी त्यांच्या पायाला जखम झाली तेव्हा आमच्याकडे एका नव्या मलमाचा अभ्यास चालू होता. त्याला एकच माणूस कमी पडत होता. नाना दुसऱ्या सर्जनला दाखवणार होते. मी म्हटलं, "आधी हे करू. परदेशी मलम आहे, नाना. नशीब लागतं मिळायला." त्या मलमाचा उपयोग होतो की नाही हे अजून कुणाला माहीत नाही, आणि तेच बघायचं आहे, हे मी सांगितलं नाही. कागदावर ते लिहिलं होतं. नाना चष्मा विसरले होते. मी वाचून दाखवलं, तेवढं सोडून.

मलमाने फरक पडला नाही. वेळ गेला. नानांच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. कदाचित तरीही काढावी लागली असती. सर्जन तसंच म्हणाले. पण ते 'कदाचित' माझ्या घरात माझ्याबरोबर जेवायला बसतं.

आणि नाना? नाना खूश आहेत. सोसायटीच्या बाकावर बसून ते लोकांना सांगतात, "मी विज्ञानाला दोन बोटं दिली. तुम्ही काय दिलंत?" कुणी माझं नाव घेतलं तर म्हणतात, "छे, जावईबापू काही बोलले नाहीत हो. मीच म्हटलं, चला!" मी शेजारी उभा असतो. चप्पल सरळ करतो.

त्यानंतर मला कुणालाही विचारवेना. आणि नोकरी तर विचारायचीच. म्हणून मी विचारत होतो आणि उत्तर यायच्या आत उठत होतो.

कुंदाताईंनी हे सगळं ऐकलं. मला वाटलं होतं, त्या धीर देतील किंवा रागावतील. त्या म्हणाल्या, "नानांना जे सांगितलं नाहीत, तेच तुम्ही या लोकांनाही सांगत नाही आहात. 'आम्हाला माहीत नाही.' तेव्हा ते शब्द गाळलेत, आता ते यायच्या आधी पळता." मग कंबर धरून उठल्या. "दाराबाहेर दोन पाकळ्या राहिल्यात. त्या घ्या."

त्यांचा अहवाल डिसेंबरच्या मीटिंगला होता. मेधाने दोनदा विचारलं, जेवत का नाही म्हणून. माझी नोकरी जाईल याची भीती होतीच. पण साहेब कारण विचारतील, आणि मग ते घरी पोचेल, नानांपर्यंत, याची जास्त होती. मी खुर्चीच्या कडेवर बसलो होतो.

कुंदाताई उभ्या राहिल्या. भाजी नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. पदराचा काठ निवडत होत्या. म्हणाल्या, लोकांना सगळं समजतं. आपण त्यांना एक गोष्ट सांगत नाही, की दोन्हींतला बरा बूट कुठला ते आपल्यालाही माहीत नाही. आपल्याला ते सांगायची लाज वाटते. ते सांगितलं नाही की कॉम्प्युटरचं बोलणं लोकांना जुगारासारखं वाटतं. सांगितलं की तेच म्हणतात, मग बरोबर आहे, बघायलाच हवं. दुसरं म्हणजे, आपण त्यांचे प्रश्न पुरे होऊ देत नाही. आणि तिसरं, घरी विचारून या म्हणतो, पण ज्यांच्या घरी विचारायला कुणी नाही ती माणसं परत येत नाहीत. त्यांना आपणच पुन्हा फोन केला पाहिजे.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बेन, पण हे कुणाच्या बोलण्यात झालं? नाव सांगा ने."

मी खुर्चीतून अर्धा उठलो.

"माझ्या कामात नाव सांगत नाहीत," कुंदाताई म्हणाल्या. "सगळ्यांच्याच झालं. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये तर पेशंट बोललेलाच नाही, डॉक्टर. एकदा फक्त खोकलाय."

सगळे हसले, साहेबही. बाहेर पडताना कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्यासाठी एवढं कुणी केलेलं मला आठवत नाही.

मग मी बसायला शिकलो. पहिले काही दिवस मांडीवर फायलींचा गठ्ठा ठेवायचो, सुपासारखा. टेबल काढून टाकलं, बाक आणला, पेशंटच्या शेजारी बसायला लागलो. "आम्हाला माहीत नाही" हे शब्द पहिल्यांदा उच्चारले तेव्हा घाम फुटला. समोरच्या बाई म्हणाल्या, "हां, तो बराबर," आणि सही कुठे करायची ते विचारलं. रमणभाईंना मी स्वतः फोन करून बोलावलं. त्यांनी सगळं ऐकलं, भरपूर प्रश्न विचारले आणि स्वच्छ नाही म्हणाले. सीझन आहे, दुकानात उभं राहावं लागतं, प्लास्टर आलं तर चालणार नाही. हात जोडून, खुशीत गेले. मी कागदावर 'नकार' लिहिलं आणि पहिल्यांदाच ते खरं होतं. बाकी हो म्हणणारेही आले. झुंबड उडाली असं नाही, पण अभ्यास बंद करायची भाषा थांबली.

उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, मेधाने उंधियूचा डबा दिला. "ज्यांच्या तुवेरी खाल्ल्या त्यांना द्या." मी हरणीला कुंदाताईंच्या घरी गेलो. गच्च्यांवर आरडाओरडा, भोंगे, आकाश पतंगांनी भरलेलं. दार लोटलेलंच होतं. मी हाक मारून आत गेलो.

कुंदाताई खुर्चीत बसल्या होत्या. जमिनीवर एक हातातला आरसा ठेवलेला होता आणि त्या उजवा पाय त्याच्यावर अधांतरी धरून, वाकून आरशात तळवा बघत होत्या. मी हेच काम करतो, त्यामुळे मला एका नजरेत कळलं. एकट्या राहणाऱ्या माणसाला स्वतःचा तळवा दिसत नाही. आरशात टाचेच्या पुढे जखम होती, जुनी.

"बघू नका," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बरं, बघा. आलाच आहात तर."

"केव्हापासून, ताई?"

"दिवाळीच्या आधीपासून."

म्हणजे त्या आमच्या खोलीत बसून जखमांची, बुटांची, प्लास्टरची संभाषणं ऐकत होत्या, सिस्टरना पापडी वाटत होत्या, सयाजीगंज ते खंडेराव मार्केट चालत होत्या, ते सगळं या पायावर. आणि शांताबेन खोट्या नव्हत्या.

वरून विमान गेलं. हरणीत विमान गेलं की बोलणं थांबवावं लागतं. ते जाईपर्यंत मी कोपऱ्यातला पाट ओढला आणि त्यांच्या समोर बसलो.

"मला तुमच्या अभ्यासात घेता येणार नाही," त्या म्हणाल्या. "मीच त्यात काम करते."

"नाही घेता येणार. पण बूट दोन्ही मिळतात." आणि मी सुरुवातीपासून समजवायला लागलो. प्लास्टरचा असा, पट्ट्यांचा तसा, आंघोळीचं काय, जिन्याचं काय. त्यांना हे सगळं माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकून पाठ होतं. तरी त्या एकेक गोष्ट विचारत राहिल्या आणि मी सांगत राहिलो. त्यांचे हात मांडीवर नुसते पडलेले होते.

"यातला बरा कुठला?"

"आम्हाला माहीत नाही, ताई."

त्या हसल्या. "बरं वाटतं हो ऐकायला. इतके दिवस दुसऱ्यांना सांगितलेलं ऐकत होते." मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "आता घरी विचारायचं, नाही का? विचारलं. घर काही बोलत नाही."

मी म्हटलं, "मी बसलोय ना. माझ्याशी बोला." मग आम्ही त्यांच्या जिन्याचं, मार्केटचं, एकटीने आंघोळ करण्याचं सगळं बोललो. बाहेर कुणाचा तरी पतंग कापला गेला आणि सगळी गच्ची ओरडली. अंधार पडायच्या आत त्यांचं ठरलं, की प्लास्टर. पट्ट्यांचा बूट आपण देवापुढे काढू, स्वयंपाकघरात काढू, आणि मग घालायचा विसरू, असं त्यांचंच म्हणणं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना साहेबांकडे घेऊन गेलो. साहेब खूप रागावले आणि मग स्वतः प्लास्टर घालायला बसले.

प्लास्टर होतं तोवर भाजी मी आणत होतो. माझ्या तुवेरीत दाणे कमी असतात आणि पापडी जून असते, असं त्यांनी मला रोज सांगितलं. मेधा दुपारी जाऊन त्यांच्याकडे बसायची, ती काय काय सांगून आली ते मला अजून कळलेलं नाही. जखम हळूहळू भरली. कुंदाताई आता पुन्हा चालतात, हळू आणि काळजीपूर्वक.

मला आजही ओपीडीत कुणासमोर बसताना त्यांची आठवण येते आणि मन भरून येतं. एका माणसाने मला ऐकलं, सोडवलं आणि त्याबद्दल कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. त्यांचं ऋण मी थोडंफार फेडतो आहे, भाजी आणून आणि बोलणी खाऊन.

नानांचं तसं नाही. ते आजही बाकावर बसून सांगतात की निर्णय त्यांचा होता. तो माझा होता, आणि मी त्यांच्यापासून अर्धी गोष्ट लपवून तो घेतला, हे मी नानांना अजून सांगितलेलं नाही. ते मी त्यांचं देणं लागतो.